स्वप्नात वीणा आली आणि घरात स्थळ आलं

पत्र असं आहे (नाव-गाव काढलंय, थोडं लहान केलंय) :

"ताई, मी 23 वर्षांची, संभाजीनगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. डी.फार्म झालंय, तालुक्याला एका मेडिकलवर कामाला जाते, महिना 9 हजार मिळतात. आमचं घर माळकरी आहे, बाबा गावच्या सप्ताहात (सात दिवसांचं अखंड भजन-कीर्तन) विणेकरी असतात, म्हणजे आपल्या पहाऱ्याला, पाळीला, वीणा गळ्यात घालून उभे राहतात. मागच्या वर्षी आषाढी एकादशीच्या पहाटे मला स्वप्न पडलं. मंडपात खूप माणसं बसलेली, मी पुढे उभी, आणि कुणीतरी मागून येऊन माझ्या गळ्यात वीणा घातली. तोंड दिसलं नाही, फक्त हात दिसले. जाग आली तेव्हा मी रडत होते. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, कीर्तन शिकायचं, आळंदीला जाऊन राहायचं. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले खाणार काय आणि तुझ्याशी लग्न कोण करणार. चुलते म्हणाले बायकांनी नारदाच्या गादीवर, कीर्तनाला, उभं राहायचं नसतं, चार दिवस अडचण असते, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आई काहीच बोलत नाही, नुसती रडते. हे मला देवानेच सांगितलंय असं म्हटलं तर सगळे हसले. आता दिवाळीत एक स्थळ आलंय, मुलगा पुण्यात कंपनीत आहे, बाबांना पसंत आहे. मैत्रीण म्हणते घर सोड आणि सरळ आळंदी गाठ, देवाचं काम आहे, देव बघेल. काय करू?"

अगं पोरी,

सगळ्यात आधी मी तुझ्या पत्रातल्या तारखा बघितल्या. हसू नको, त्याला कारण आहे. स्वप्न आषाढीचं, स्थळ दिवाळीचं. म्हणजे स्वप्न आधी आणि स्थळ नंतर. हे उलटं असतं ना तर मी तुला वेगळंच उत्तर लिहिलं असतं, कारण हा घोळ मी स्वतः घातलेला आहे. 19 वर्षांची असताना मला अचानक साक्षात्कार झाला होता की आपण संसार करायचाच नाही, एका आश्रमात जाऊन सेवा करायची, देवाचीच तशी इच्छा आहे. घरात रडारड, उपास, सगळं केलं. तीन महिन्यांनी ज्या मुलाचं स्थळ आलं होतं त्याचं दुसरीकडे जमलं आणि काय सांगू, माझा साक्षात्कार पुढच्या आठवड्यात उतरला, ताप उतरतो ना तसा. मला तो मुलगा नको होता एवढंच होतं, पण वडलांसमोर "नको" म्हणायची हिंमत नव्हती म्हणून देवाला पुढे केलं होतं. आजही आठवलं की लाज वाटते आणि हसूही येतं.

म्हणून तुला पहिला प्रश्न हाच विचारते, आणि उत्तर मला नको देऊ, स्वतःला दे. समज उद्या ते पुण्याचं स्थळ फिसकटलं, बाबा म्हणाले बरं जाऊ दे दोन वर्षं लग्नाचं नाव काढत नाही, तर तरीही तू पहाटे चारला उठून काकड्याला जाशील का? थंडीत? कुणी बघत नसताना? "हो" असेल तर पुढचं वाच. नसेल तरी वाच, पण मग तुझा प्रॉब्लेम कीर्तनाचा नाही, लग्नाचा आहे, आणि त्याला देवाची साक्ष लागत नाही, नुसतं "मला आत्ता करायचं नाही" एवढं वाक्य पुरतं.

आता स्वप्न देवाचं होतं की नव्हतं. हे मला कसं कळणार, मी काही देवाची वकील नाही. पण तू वारकरी घरातली आहेस म्हणून तुला एका माणसाची गोष्ट वेगळ्या बाजूने सांगते, जी तू लहानपणापासून ऐकलीयस, पण बहुतेक त्यातला क्रम कुणी तुला नीट दाखवला नसेल.

तुकोबांना स्वप्न पडलं होतं हे तुला माहिती आहे. नामदेवराय पांडुरंगाला सोबत घेऊन स्वप्नात आले आणि म्हणाले, कवित्व कर, शतकोटी अभंगांचा माझा जो संकल्प होता त्यातलं जे राहिलंय ते तू पुरं कर. हे त्यांनी स्वतः अभंगात लिहून ठेवलंय. आणि गुरूचा उपदेशही स्वप्नातच झाला, माघ शुद्ध दशमी, गुरुवार, बाबाजींनी डोक्यावर हात ठेवला आणि जेवायला पावशेर तूप मागितलं, ते द्यायचं मात्र स्वप्नातच विसरलं म्हणे. (मला ही पावशेर तुपाची गोष्ट फार आवडते. इतकं मोठं दैवी स्वप्न आणि त्यात तूप मोजून मागितलेलं.) म्हणजे स्वप्नात देवाने काही सांगणं ही आपल्याकडे वेडेपणाची गोष्ट कधीच नव्हती, तुझे घरचे हसले ते त्यांनी हसायला नको होतं, देहूला जाऊन डोकं टेकवणाऱ्यांनी तर नाहीच.

पण क्रम बघ. तुकोबांनी आपली हकिकत एका अभंगात सांगितली आहे, त्यात ते आधी सांगतात आईवडील गेले, मग दुष्काळ पडला, 1630 च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ, त्यात पैसा गेला, मान गेला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, धंदा बुडाला. मग देऊळ मोडकळीला आलेलं होतं ते नीट करावंसं वाटलं. मग एकादशीला कीर्तन करू लागले, आणि स्पष्ट सांगतात की आधी अभ्यासात चित्त नव्हतं. मग संतांची वचनं पाठ केली. मग जे पुढे उभे राहून गातात त्यांच्यामागे उभं राहून धृपद, म्हणजे अभंगाचं पालुपद, धरलं. स्वप्नातला गुरूचा उपदेश येतो तो या सगळ्याच्या नंतर, आणि कवित्वाची स्फूर्ती त्याच्याही नंतर. कळतंय का मी काय म्हणतेय? ज्या माणसाला स्वप्न पडलं तो काही खाटेवर पडून देव कधी बोलावतो याची वाट बघत नव्हता, तो ऑलरेडी मागे उभा राहून दुसऱ्याचं धृपद धरत होता.

आणि तू? तुझं सगळं पत्र मी दोनदा वाचलं. स्वप्न आहे, विरोध आहे, रडणं आहे, आळंदी आहे. पण मागच्या आषाढीपासून आत्तापर्यंत तू पाठ काय केलंस ते कुठेच नाही. किती प्रमाणं (कीर्तनात दाखल्याला म्हणायचे अभंग-ओव्या) आली? कुठल्या कीर्तनाला वही घेऊन बसलीस? मागे टाळ घेऊन उभी राहिलीस का कधी? कदाचित केलं असशील आणि लिहिलं नसशील, तर माझी चूक. पण केलं नसशील तर एक गोष्ट ऐक, वारकरी कीर्तन म्हणजे एका अभंगावर दोन तास उभं राहणं, आणि त्या दोन तासात ज्ञानोबांची ओवी, नाथांचा, नामदेवांचा, तुकोबांचा अभंग असा तोंडातून आपोआप यावा लागतो, कागद बघून नाही, आणि मागे टाळकऱ्यांनी चाल उचलली की तुला ती झेलता आली पाहिजे, मृदंगाशी जमलं पाहिजे, पाय थकले तरी. हे सगळं काही आळंदीच्या हवेत मिळत नाही गं. त्याची सुरुवात मेडिकलवरून घरी येताना बसमध्ये करता येते. रोज एक प्रमाण. सुट्टीचा दिवस धरून आठवड्याला सात. वर्षाला किती होतात तू हिशोब कर, तू फार्मसीवाली आहेस.

आता विरोधाबद्दल. तू सगळा विरोध एका पिशवीत भरलायस, बाबा, चुलते, आई, हसणारे, सगळे एकत्र. तसं करू नकोस. तुकोबांनाही दोन प्रकारचा विरोध झाला आणि दोन्हींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक आवलीचा, त्यांच्या दुसऱ्या बायकोचा. एक रामेश्वर भटांचा.

आवलीला (जिजाई म्हण, पण मला आवलीच जवळचं वाटतं) कीर्तनकारांनी फार छळलंय बघ. दर कीर्तनात ती कजाग, भांडखोर, विठोबाला काळ्या म्हणून शिव्या घालणारी, मंडपात हशा पिकवायला बाईचं पात्र. अरे पण घरात पोरं होती आणि दाणा नव्हता! ती देवाच्या विरोधात नव्हती, ती रिकाम्या मडक्याच्या विरोधात होती. आणि तरी परंपरा हेच सांगते की तीच भाकरी बांधून डोंगरावर चढून जायची, नवरा उपाशी राहील म्हणून. पुढे तिच्याच पोटच्या नारायण महाराजांनी 1685 ला पालखी सुरू केली जिच्यामागे आज लाखो माणसं चालतात. म्हणून सांगते, आवलीचा विरोध हा शत्रूचा नसतो.

तुझे बाबा आवली आहेत. "खाणार काय आणि लग्न कोण करणार", हा भाकरीचा प्रश्न आहे. याला उत्तर अभंगाने देता येत नाही, भाकरीनेच द्यावं लागतं. त्यांना सांग मी नोकरी सोडत नाही. मेडिकलचं काम चालू ठेवून शिकते. आणि कीर्तनातून पैसे मिळतील हे आत्ता डोक्यातही आणू नकोस, एक तर सप्ताहांचा सीझन असतो, बारा महिने काम नसतं, आणि नव्या माणसाला पहिली काही वर्षं गाडीभाडं सुटलं तरी खूप. शिवाय तुकोबांनी तर जिथे कीर्तन करावं तिथे अन्नसुद्धा घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये इथपर्यंत सांगून ठेवलंय. आजच्या पाकिटांबद्दल मी बोलत नाही, बोलले तर हे सदर लांबेल. पण ज्याच्या हातात डी.फार्म आहे त्याला पाकिटावर जगायची गरज नाही ही केवढी मोठी मोकळीक आहे बघ. कुणाच्या मर्जीसाठी गादीवरून काही बोलावं लागणार नाही.

अजून एक, हे तुकोबांचं मला फार मोठं वाटतं आणि त्याबद्दल कुणी जास्त बोलत नाही. सावकारीची खतं (कर्जाचे कागद) इंद्रायणीत बुडवली ती गोष्ट सगळ्यांना माहिती. पण बुडवायच्या आधी अर्धी खतं भावाला, कान्होबाला, वाटून दिली आणि फक्त स्वतःचा वाटा पाण्यात टाकला. आपल्या वैराग्याचा खर्च भावाच्या माथी मारला नाही. तुझ्या स्वप्नासाठी बाबांनी कर्ज काढावं, जमीन गहाण टाकावी, असं कुणी संस्थावाल्याने सुचवलं तर ही गोष्ट आठव.

चुलते मात्र रामेश्वर भट आहेत. म्हणजे त्यांना भाकरीची काळजी नाही, त्यांचं म्हणणं आहे तुला अधिकारच नाही. वाघोलीच्या रामेश्वर भटांचंही हेच म्हणणं होतं, तुकोबांची जात काय आणि त्यांच्या तोंडून वेदांचा अर्थ कसा निघतो. मग अभंगांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या. आणि इथे तुकोबांनी काय केलं ते बघ, वाद घातला नाही, पण मला काही फरक पडला नाही असंही म्हणाले नाहीत. त्याच हकिकतीच्या अभंगात चक्क लिहिलंय की निषेधाचा आघात झाला आणि त्याने चित्त दुखावलं. दुखावलं! एवढा मोठा माणूस सांगतो मला लागलं म्हणून. आणि मग देवाच्या दारात धरणं धरून बसले, 13 दिवस, अन्नपाणी सोडून. देवाशी भांडले, गावाशी नाही. तुला चुलत्यांचं बोलणं लागलं, तू रडलीस, त्यात काही कमीपणा नाही, पण चुलत्यांशी भांडून त्यांचं मत बदलेल ही आशा सोड. ते बदललं तर तुझ्या बोलण्याने बदलणार नाही.

बदलतात मात्र. रामेश्वर भट पुढे तुकोबांचे शिष्य झाले आणि टाळकऱ्यांत उभे राहिले. तू रोज "आरती तुकारामा" म्हणत असशील ना, तिच्या शेवटच्या कडव्यात नाव कुणाचं येतं ते आठव. वह्या बुडवायला लावणाऱ्यानेच आरती लिहिली. पण म्हणून चुलते तुझी आरती लिहितील याच्या भरवशावर राहू नकोस, हां.

वह्या तरल्या हे सगळे सांगतात. मी त्यात पडत नाही, माझी श्रद्धा माझ्यापाशी. पण एक गोष्ट नक्की की चाकणचे संताजी जगनाडे होते, कडूसचे गंगाराम मवाळ होते, ही माणसं मागे उभी राहून टाळ धरत होती आणि अभंग उतरवूनही घेत होती. म्हणजे नदीत टाकलं तरी माणसांच्या तोंडातून आणि वह्यांतून ते जाणार नव्हतं. तुझा संताजी कोण आहे? एक तरी हवा. मैत्रीण नको, ती तुला पळून जायला सांगतेय. कुणीतरी असं जे तुझं पाठांतर ऐकेल आणि चुकलं की थांबवेल. माझा अंदाज आहे ते तुझ्या घरातच आहे पण त्यावर शेवटी येते.

"बायकांना गादीचा अधिकार नाही" हे चुलते संभाजीनगर जिल्ह्यात बसून म्हणतात याचं मला खरं नवल वाटतं. वैजापूर तालुक्यात शिऊरला संत बहिणाबाईंची समाधी आहे, तुझ्यापासून एसटीने जाऊन एका दिवसात परत येता येईल. जन्म वेरूळजवळच्या देवगावचा. ब्राह्मण घर, लहानपणीच मोठ्या वयाच्या बिजवराशी लग्न. तिने तुकोबांना गुरू मानलं, तोही स्वप्नातच अनुग्रह झाला, आणि नवऱ्याने मारलं. शूद्र माणसाला गुरू करतेस म्हणून मारलं. पुढे तो आजारी पडला, पस्तावला, आणि तिला घेऊन स्वतः देहूला गेला. देहूत परत मंबाजीचा, तुकोबांचा द्वेष करणाऱ्या गोसाव्याचा, त्रास. एवढं होऊन आज संतांच्या इमारतीचा पाया कोण आणि कळस कोण हे सगळा महाराष्ट्र बहिणाबाईंच्याच शब्दात सांगतो, चुलतेसुद्धा सांगत असतील. आणि चार दिवसांच्या अडचणीचं उत्तर चोखोबांच्या सोयराबाईंनी सातशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय, विटाळाशिवाय कुठला देह जन्माला आलाय ते दाखवा म्हणून. हे दोन्ही तू पाठ कर. चुलत्यांच्या तोंडावर फेकायला नाही, तुला स्वतःला रात्री झोप येत नाही तेव्हासाठी.

इथे एक थांबून सांगायचंय. बहिणाबाईंनी मार खाल्ला म्हणून मार खाणं ही भक्ती होत नाही. तुझ्या पत्रात तसं काही नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरात हात उचलला जात असेल, कोंडून ठेवत असतील, जबरदस्तीने लग्न लावत असतील तर त्यांच्यासाठी माझा सल्ला वेगळा आहे, तिथे धीर बीर धरायचा नाही, 181 ला फोन करायचा, लगेच धोका असेल तर 112.

आईबद्दल मी फार लिहीत नाही, कारण जी बाई नुसती रडते ती कुठल्या बाजूने रडतेय हे तुलाही माहिती नाही आणि मलाही नाही. एकदा भाकऱ्या करताना शेजारी बसून विचार, "आई तुला काय करायचं होतं?" आणि मग गप्प बस. उत्तर यायला वेळ लागेल.

आता मैत्रिणीचं "घर सोड, देव बघेल". नाही. अजिबात नाही. एकटी मुलगी घरातून भांडून, ओळखपाळख नसताना आळंदीला जाऊन राहिली तर देव बघेलच, पण बाकीचेही बघतील. आळंदी म्हणजे सगळे ज्ञानोबा नाहीत गं बाई. जोग महाराजांनी 1917 साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली आणि तिथून पिढ्यान् पिढ्या कीर्तनकार तयार झाले, माधुकरी मागून शिकलेली मुलं ती, पण ती वाट मुलांसाठीची. मुलींसाठी आता तिथे वेगळ्या संस्था निघाल्यात, त्यातल्या काही चांगल्या आहेत आणि सगळ्या चांगल्या असतीलच असं मी इथे बसून सांगू शकत नाही. म्हणून बघून यायचं, आणि बाबांना घेऊन बघून यायचं. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीची वारी असते, बाबा बहुतेक जातच असतील, त्यांच्यासोबत जा. गर्दी ओसरली की एखाद-दोन ठिकाणी आत जाऊन बघ. शिकवायला बाई आहेत का, मुली कुठे झोपतात, रात्री दार कोण लावतं, फी किती आणि पावती देतात का, घरी फोन कधीही करू देतात का, आधी शिकून गेलेल्या दोन मुलींचे नंबर देतात का. एवढे प्रश्न विचारल्यावर जो माणूस "माउलींवर विश्वास नाही का" असं म्हणेल तिथून चप्पल घालून बाहेर पडायचं. माउलींवर आहे, तुमच्यावर अजून बसायचाय.

आणि आळंदीला न जाताही सुरुवात होते. तुझ्या पंचक्रोशीत एखादी महिला कीर्तनकार असेलच, आता खूप झाल्यात, सप्ताहाच्या पत्रिका बघ. त्यांच्या कीर्तनाला जा, संपल्यावर पाया पडून विचार मी मागे टाळ घेऊन उभी राहू का. मे महिन्यात गावोगाव बाल वारकरी संस्कार शिबिरं असतात, तिथे लहान पोरांना हरिपाठ शिकवायला माणसं कमी पडतात. तिथे जा. लहान पोरांसमोर दहा मिनिटं बोलता येतं का बघ, कारण पोरं खोटं कौतुक करत नाहीत, कंटाळली की सरळ माती खेळायला लागतात.

स्थळाचं. तो पुण्याचा मुलगा वाईट आहे असं तू कुठेच म्हणत नाहीस, आणि त्याला विचारलं असंही म्हणत नाहीस. बघायला येतील तेव्हा किंवा त्याच्या आधी फोनवर, त्याला सरळ सांग की मी नोकरी करते, कीर्तन शिकते आणि पुढे करणार आहे, सप्ताहाला चार-चार दिवस बाहेरगावी जावं लागेल, तुमच्या घरात चालेल का. पसंती झाल्यावर नाही, सुपारी फुटल्यावर तर नाहीच नाही, त्याच्या आधी. नाही म्हणाला तर बाबांना सांगायला तुला कारण मिळालं. हो म्हणाला तर, कुणास ठाऊक, हो म्हणणारेही असतात. पण "लग्नानंतर बघू" म्हणाला तर ते नाही असंच समज, मी या सदरात इतकी वर्षं पत्रं वाचतेय, "नंतर बघू" मधून काही निघालेलं मी अजून तरी पाहिलं नाही.

आणि घरात एक गोष्ट बंद कर. "देवानेच मला सांगितलंय" हे वाक्य. खोटं आहे म्हणून नाही. तुझ्या बाबांचा विचार कर, तो माणूस आयुष्यभर गळ्यात वीणा घालून उभा राहिलाय, रात्रीचे पहारे केलेत, आणि त्याच्याच पांडुरंगाने त्याला काही न सांगता परस्पर त्याच्या लेकीला सांगितलं? त्याने काय म्हणायचं यावर? देवाचं नाव घेतलं की समोरच्याला फक्त दोनच गोष्टी उरतात, हसायचं नाहीतर हरायचं. ते हसले. तू त्याऐवजी म्हण "बाबा मला शिकायचंय, मला शिकवा." यावर माणसाला काहीतरी बोलता येतं.

आता त्या हातांबद्दल. तू लिहिलंस तोंड दिसलं नाही, फक्त हात दिसले. मी स्वप्नांचे अर्थ सांगत नाही आणि सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहते. पण सप्ताहातली वीणा तू माझ्यापेक्षा जास्त बघितलीयस. सातही दिवस ती जमिनीवर टेकत नाही. ज्याचा पहारा संपतो तो आपल्या गळ्यातून काढतो, पुढच्याच्या गळ्यात घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि मग पहिला घरी जातो. सप्ताह चालू असताना वीणा आपली आपण उचलून गळ्यात घालता येत नाही, ती कुणाच्या तरी गळ्यातूनच यावी लागते. आणि तुमच्या गावात ती ज्यांच्या गळ्यात असते त्यातले एक तुझे बाबा आहेत. आळंदीला पळून गेलीस तर तिथे कुणीतरी घालेलही वीणा, पण ते हात वेगळे असतील.

तेव्हा पुढच्या सप्ताहात एक काम कर. बाबांचा पहारा बहुतेक रात्रीचाच असेल, दोन ते चार वगैरे, जो कुणाला नको असतो तो. त्या वेळी मंडपात कुणी नसतं, मंडपवाल्याची दोन पोरं झोपलेली असतात आणि एखादं कुत्रं. तू चहाचा थर्मास घेऊन जा आणि दोन तास त्यांच्यासोबत उभी राहा. बोलू नकोस. ते जे नामस्मरण करतील ते मागून धर. चुलते त्या वेळी झोपलेले असतात, त्यामुळे गावाचा प्रश्न येत नाही. आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री पाय दुखायला लागले म्हणून म्हण, लघवीला जायचंय म्हणून म्हण, बाबांना केव्हातरी पाच मिनिटं वीणा उतरवावी लागेलच, आणि ती जमिनीवर तर ठेवता येत नाही.

काय झालं ते कळव. आणि तोपर्यंत किती प्रमाणं झाली तेही, आकडा लिही, "बरीच" असं नको.

तुझी,
ताई